आईचं गाणं आणि आमच्या घरातली अस्वच्छ वीज

आमच्या घरातली वीज अस्वच्छ आहे, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी समाजातली अस्वच्छता शोधत हिंडत होते.

यात माझा दोष नाही. अंबडला आमचं घर अण्णांच्या छापखान्याच्या मागच्या बाजूला आहे आणि मी वाढले ती बिघडलेल्या पत्रकांवर. लग्नपत्रिकांचा कागद जाड, तो अण्णा जपून ठेवायचे. खरडायला, गिरवायला, नाक पुसायला मला मिळायची ती मोर्च्यांची पत्रकं. त्यामुळे ‘न’ नळाचा हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी तो निषेधाचा होता. नावही अण्णांनी क्रांती ठेवलं. लहानपणी भूक लागली तरी मी आधी मागण्या मांडायची आणि मग रडायची, असं आई सांगते. (आई थोडी वाढवून सांगते. ते पुढे येईलच.)

अण्णांनी एका धंदा बंद केलेल्या मंडपवाल्याकडून एक अॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि ज्वारीच्या कणगीएवढे दोन स्पीकर आणले होते. त्यावर काहीही लावा, भजन लावा, भावगीत लावा, मागे एक अखंड आवाज यायचा. घूंऽऽऽ! जणू स्पीकरमध्ये एक धष्टपुष्ट भुंगा भाड्यानं राहत होता. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की दुसऱ्यांच्या घरी गाणं ऐकताना काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

भांडण पेटलं ते आईच्या कॅसेटवरून. आई लग्नाआधी रेडिओवर गायली होती. गावातल्या बायकांबरोबर गाडीत बसून रेडिओ केंद्रावर गेली, गायली, परत आली. लग्न ठरलेलं होतं, म्हणून अण्णांनी तो कार्यक्रम मोठ्या हौसेनं रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतला. ज्या टेपरेकॉर्डरवर उतरवला तो लवकरच निवर्तला. नंतर ती कॅसेट ऐकायची तर भुंग्याच्या साथीनंच. आणि मुख्य अडचण म्हणजे मंठ्याचे भगवानमामा, आईचे सख्खे भाऊ. आई रेडिओवर गायली हे त्यांना मुळात मान्यच नव्हतं.

“सुशे, मी त्या दिशी रेडिओला कान लावून बसलो व्हतो,” मामा दरवेळी सांगायचे. “रेडिओ खरखरत व्हता, तरी सगळा कार्यक्रम ऐकला. तू काही त्यात आली न्हाई.”

“मंग मी गेल्ते कुठं?”

“गेली असशील. गायली न्हाई.”

यंदा राखीला मामा आले तेव्हा आईनं पुरावा म्हणून कॅसेट लावली. भुंगा त्या दिवशी विशेष रंगात होता. त्यातून मधूनच काहीतरी बायकी, लांबचं, विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू यायचं. त्यावरही आई बोलतच होती. “हे बघ, आता येतंय... हे आलं... हे माझंच!” मामांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “सुशे, हे पिठाच्या गिरणीचं गाणं हाय.”

आई उठली. तिनं कॅसेट काढली, पदरानं पुसली आणि शांतपणे म्हणाली, “भगवान, यंदा भाऊबीजेला माझ्या ताटात साडी टाकू नको. पैसे टाकू नको. ही कॅसेट सगळ्यांसमोर ऐकायची, आणि ‘व्हय, माझी बहीण रेडिओवर गायली’ एवढं ताटात टाकायचं.”

“आणि आवाज न्हाई आला तर?”

“तर जलमभर नाव काढणार न्हाई!”

 हा निव्वळ कॅसेटचा प्रश्न नव्हता. ज्या बाईला आयुष्यात एकदाच कुणीतरी माइकसमोर उभं केलं, तिचं तेवढं एक मिनिट तिचा सख्खा भाऊ नाकारत होता. माझं रक्त उसळलं. (ते फार खालच्या तापमानाला उसळतं.) मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की भाऊबीजेच्या आत हा भुंगा हद्दपार होईल आणि आईचा दडपलेला स्वर मुक्त होईल!

टाळी कुणीच वाजवली नाही. अण्णा फक्त म्हणाले, “चालून राह्यलंय ना? मंग कशाला हात लावती?”

“अण्णा, अन्यायाला सरावणं हाच मोठा अन्याय असतो!”

“ते मीच छापलेलं हाय,” अण्णा म्हणाले आणि छापखान्यात निघून गेले.

मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यात एक टकलू गृहस्थ कळकळीनं सांगत होते, की दोष यंत्रात नसतो, विजेत असतो. वीज घाणेरडी येते. तिच्यात शेजाऱ्यांच्या मिक्सरचा, फ्रिजचा, वेल्डिंगचा कचरा मिसळलेला असतो. ती धुऊन, गाळून, सरळ करून मगच यंत्राला पाजावी. मला हे तत्काळ पटलं. वरून शुद्ध निघालेली गोष्ट मधल्या लोकांमुळे घाण होते, हे तर मी किती दिवसांपासून लिहीत होते!

जालन्याला जाऊन मी एका जुन्या राजस्थानी शेठजींच्या दुकानात उभी राहिले आणि म्हणाले, “मला स्वच्छ वीज पाहिजे.”

शेठजींनी चष्मा वर केला. “कितनी साफ पाहिजे, ताई?”

“बिलकुल साफ.”

शेठजी खुर्चीतून उठले. (नंतर कळलं, शेठजी सहसा उठत नाहीत.) त्या दिवशी मी स्टॅबिलायझर आणला. तो लावला. घूं तसाच राहिला, फक्त आता दर अर्ध्या मिनिटाला आतून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. म्हणजे भुंग्याला ताल मिळाला. पुढच्या खेपेला कचरा गाळणारा एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्यावर लाल दिवा लागायचा. दिवा फारच सुंदर होता. तिसऱ्या खेपेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. हे म्हणजे तांब्याच्या तारेचा एक लोखंडी गठ्ठा, वजनाला वरवंट्यासकट पाटा. तो मी एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, “ताई, खाली ठेवा.” मी म्हणाले, “त्याला धक्का चालत नाही.” शेजारची म्हातारी सरकून बसली आणि तिनं हळूच विचारलं, “कितवा महिना?”

तो लावला आणि घूं खरंच कमी झाला. पण ट्रान्सफॉर्मर स्वतःच घुमू लागला!

“आता दोन झाले,” अण्णा म्हणाले. “एक पेटीत, एक पेटीभाईर.”

शेवटी मी इन्व्हर्टर आणला. साधा नाही. ज्याची वीज देवळाच्या घंटेसारखी गोल, गुळगुळीत येते असा. शिवाय लाइट गेली तरी गाणं क्षणभरसुद्धा थांबणार नाही, असं शेठजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं. (हे वाक्य मी तेव्हा आनंदानं ऐकलं.) घराची बैठक आता सबस्टेशनसारखी दिसत होती. खर्च विचारू नका. आईनं विचारला नाही, कारण आईला तिचा आवाज पाहिजे होता. अण्णांनी विचारला नाही, कारण अण्णा हल्ली माझ्या जवळच येत नव्हते.

तरीही घूं. बारीक, पण घूं!

मग मी बबनभाऊंना बोलावलं. बबनभाऊ बाजारात विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देतात. जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते मोटर म्हणूनच पाहतात. त्यांनी स्पीकरवर हात ठेवला.

“गरम होत न्हाई.”

“नाही.”

“वास येतो का जळाल्याचा?”

“नाही हो. आवाज येतो.”

“मंग चालू द्या की! मोटर आवाज करणारच.”

“ही मोटर नाही, बबनभाऊ. हा स्पीकर आहे.”

“तेच ते. आत गुंडाळलेली तारच असती.” एवढं बोलून त्यांनी घरभर फिरून अर्थिंगची तार शोधली. ती भिंतीतून अंगणात, अंगणातून नळाच्या पाइपापर्यंत गेली होती आणि पाइपाला घट्ट बांधलेली होती. फक्त तो पाइप अण्णांनी मागेच बदलून प्लॅस्टिकचा घेतला होता. म्हणजे आमच्या घरातली सगळी घाण वीज मोठ्या विश्वासानं जमिनीकडे जायची आणि प्लॅस्टिकच्या दाराशी अडून परत बैठकीत यायची.

अंगणात खड्डा खणला. त्यात तांब्याचा गज, कोळसा, मीठ. बबनभाऊंनी हात झटकले आणि म्हणाले, “आता याला रोज बादलीभर पाणी पाजायचं. खड्डा वाळला की आवाज परत.”

आईचा चेहरा बदलला. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि ते येतं तेव्हा पिंपं, टाक्या, पातेली, वाट्या, सगळं भरून ठेवण्याचा सोहळा असतो. त्या घरात मी रोज एक बादली मातीत ओतणार होते.

“क्रांते, माणसं भांडी घासलेलं पाणी झाडाला घालून राह्यली आणि तू खड्ड्याला पिण्याचं घालती?”

“आई, हे तुझ्या आवाजासाठी आहे.”

“मला आवाज पाहिजे. पण घसा कोरडा ठेवून न्हाई!”

मग मला एक युक्ती सुचली. ती सुचली तेव्हा मी कोण आहे, याचा मला क्षणभर विसर पडला असावा. घरात एकच पाणी असं होतं की ज्याला आई कधी नाही म्हणत नसे. तुळशीचं! मी तुळशीची कुंडी उचलली, तिचं बूड फोडलं आणि ती बरोबर अर्थिंगच्या खड्ड्यावर नेऊन ठेवली. एवढ्यावर थांबते तर मी कसली! शेजारच्या कमलमावशींना गाठून मी म्हणाले, “मावशी, सकाळी आमच्या तुळशीलाही तांब्याभर घालत जा ना. दिवाळी जवळ आली.”

कमलमावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. गेल्याच वर्षी मी ‘कर्मकांडाच्या बेड्या तोडा’ हे पत्रक त्यांच्या दारात स्वतः नेऊन दिलं होतं.

“सुशाबाई,” त्या कुंपणावरून ओरडल्या, “पोरीला स्थळ आलं का काय? सुधरून राह्यली!”

दोन दिवसांत गल्लीतल्या बायका येता-जाता तांब्या रिकामा करू लागल्या. खड्डा तृप्त झाला. घूं नाहीसा झाला! मी अण्णांची एक जुनी भजनाची कॅसेट लावली, तर तबलजीच्या खोकल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. आईची कॅसेट मात्र आईनं लावू दिली नाही. “पेढ्याचा पुडा पाव्हण्यापुढंच सोडत असतेत,” ती म्हणाली आणि कॅसेट देवघरात ठेवली.

फक्त तुळस वाळली. मीठ तिच्या मुळांना लागलं होतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर दारातली तुळस काळी पडलेली पाहून कमलमावशी म्हणाल्या, “मला वाटलंच. हिच्या हातचं देवाला रुचत न्हाई.” मी धावत जाऊन दुसरी तुळस आणून लावली. ती वाळायच्या आत भाऊबीज उरकायला हवी होती.

आणि मग दिवाळी लागली. गल्लीतल्या प्रत्येक घरावर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा चढल्या. संध्याकाळी सगळ्या माळा पेटल्या, तशी माझ्या स्पीकरमधून किर्र, किर्र, किर्र अशी रातकिड्यांची सभा सुरू झाली. व्हिडिओतल्या टकलू गृहस्थांनी याचा इशारा दिलाच होता. शेजाऱ्यांचा कचरा!

अख्ख्या गल्लीला दिवाळीत माळा बंद करायला सांगायचं कसं? घरोघरी जाऊन विनंती करणं हा एक मार्ग होता. पण मला एकच मार्ग येतो. मी टेबलाशी बसले आणि एका दमात मजकूर लिहिला:

“जागे व्हा! अस्वच्छ विजेचा हा अत्याचार आणखी किती दिवस सोसायचा? भाऊबीजेला दिवेलागणीच्या वेळी आपल्या घरावरील माळा, मिक्सर, फ्रिज बंद ठेवा! एका दडपलेल्या आवाजाला मोकळा श्वास घेऊ द्या!”

तो कागद अण्णांच्या टेबलावर ठेवून मी फराळाचं तळायला गेले. अण्णांनी छापलं, मी न वाचताच घरोघर वाटलं. इथेच घात झाला. अण्णांचा हात अशा कामाला इतका बसलेला आहे, की ‘जागे व्हा’नं सुरू होणारा मजकूर समोर आला की खालचा भाग त्यांच्याकडून आपोआप जुळवला जातो. पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत उमटलं होतं: “स्थळ : छापखान्यामागील अंगण. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.”

भाऊबीजेला ऊन उतरलं तशी गल्ली अंगणात जमू लागली. बायका सतरंज्या घेऊन आल्या. म्हातारे खुर्च्या घेऊन आले. कुणीतरी हलगी आणली होती. मला वाटलं, मामा येणार म्हणून कौतुकानं आलेत. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या रामरावकाकांनी मला बाजूला घेतलं.

“पोरी, आपल्या डीपीचा विषय आधी घेणार का शेवटी?”

“कसली डीपी?”

“कसली काय? गल्लीला लाइट देती आणि दर आठ दिवसाला जळती ती! तूच तर बोलावलंय.” त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं. मी तळाची ओळ वाचली आणि आत धावले.

“अण्णा! हे काय छापलंत?”

अण्णांनी पत्रक लांब धरून वाचलं. “बराबर हाय की. स्थळ न्हाई टाकलं तर लोक येतील कुठं?”

“लोकांना यायचं नव्हतं! घरी बसायचं होतं!”

“मंग पत्रक कशाला काढलं?”

मी परत अंगणात धावले. आणि गल्लीनं शब्द पाळला होता. सगळ्या माळा बंद होत्या, एकाही घरात फ्रिज चालू नव्हता. इतकी स्वच्छ वीज अंबडमध्ये कुणाच्याच वाट्याला आली नसेल.

मामा गाडीतून उतरले आणि अंगणातली गर्दी पाहून थबकले. “सुशे, एवढी माणसं माझ्या ओवाळणीला?”

आई मात्र फुलून गेली होती. गर्दी पाहून घाबरेल ती आई कसली! तिनं नवं लुगडं नेसलं होतं, केसात गजरा माळला होता. “बसा, बसा! समदे साक्षीदार हायेत!” असं म्हणत ती सगळ्यांना चिवडा देत फिरली. मामांना पाटावर बसवलं. ताट तयार होतं. निरांजन लावलं. देवघरातून कॅसेट आली. मी दोन्ही स्पीकर अंगणाकडे तोंड करून दारात मांडले आणि बटण दाबलं.

शांतता. भुंगा नाही, टक् नाही, रातकिडे नाहीत. अशी शांतता, की मामांनी गिळलेला आवंढा मागच्या रांगेत ऐकू गेला.  आणि मग एक स्वच्छ, शुद्ध, काचेसारखा पुरुषी आवाज म्हणाला:

“आता ऐका, महिला मंडळानं सादर केलेलं समूहगीत. मुख्य स्वर, कुमुदताई. आणि साथ...” पाचसहा नावं झाली. सगळ्यात शेवटी आईचं.

 अण्णा आकाशाकडे पाहत होते.

“साथ म्हंजी?” कमलमावशींनी विचारलं.

 गाणं सुरू झालं. कुमुदताई फार सुरेख गात होत्या. (माझ्या आईच्या आवाजात मी ते गाणं लहानपणापासून कल्पनेनं ऐकत आले होते. कुमुदताई त्याहून बऱ्याच बऱ्या होत्या.) त्या एक ओळ म्हणायच्या आणि मागच्या बायकांनी एकदम ‘चला गं चला, पेराया चला’ असं म्हणायचं होतं. कुमुदताईंची ओळ शेवटाकडे आली, अजून दोन मात्रा शिल्लक होत्या, आणि तेवढ्यात एक आवाज एकटाच, कुणाची वाट न बघता, खणखणीत उठला: “चला गं—!” मग दचकून बाकीच्या बायका मागून आल्या.

मामा पाटावरून ताडकन उठले.

“थांबवा! थांबवा ते! परत लाव, पोरी, परत लाव!”

मी परत लावलं. “चला गं—!” स्वच्छ. निखळ. एकटी.

“हीच!” मामा ओरडले. “हीच माझी बहीण! अरे, लग्नात भटजी ‘सावधान’ म्हणायच्या आधी हार घातला व्हता हिनं! बैल जुपायच्या आधी गाडीत बसायची! हा दुसऱ्या कुणाचाच आवाज न्हाई! सुशे, मी चुकलो! तू गायली! सगळ्यांच्या आधी गायली!”

अंगण हसून लोळायला लागलं. हलगीवाल्यानं एक थाप दिली. आई लाल झाली होती.

“मी एकटी गायले असं कधी म्हणलं?” ती म्हणाली. “मला तर गाताना माझाच ऐकू आल्ता! बाकीच्या व्हत्या, पण त्या मागं व्हत्या!”

“त्या मागंच राह्यल्या ना!” मामा डोळे पुसत म्हणाले. “पोरी, आणखी एकदा लाव!”

“लावू नको!”

“लाव!”

मी भाचीच्या कर्तव्यात आणि लेकीच्या कर्तव्यात सापडले होते, त्यामुळे मामांनीच पुढे होऊन बटण दाबलं. ‘चला गं—!’ आता गल्लीतली पोरं आवाजात आवाज मिसळू लागली. आई उठली, तरातरा ओट्यावर गेली आणि तिनं घराचं मेन स्विच खाडकन खाली ओढलं.

घर अंधारलं. गल्ली आधीच अंधारात होती. निरांजन तेवढं तेवत होतं. “गेली लाइट!” आई विजयानं म्हणाली.

“चला गं—!” कॅसेट म्हणाली.

गाणं क्षणभरसुद्धा थांबलं नव्हतं. शेठजी खरं बोलले होते. आई स्विचकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. “क्रांते, बंद कर त्याला!” पण मी तारा अशा भक्कम, अशा एकात एक गुंफून बसवल्या होत्या की अंधारात मला कोणती कुठून काढायची तेच सापडेना. मी गुडघ्यावर रांगत होते, इन्व्हर्टर इमानदारीनं चालू होता आणि पूर्ण काळोखात, संपूर्ण गल्लीच्या साक्षीनं, आई पुन्हा पुन्हा वेळेच्या आधी पेरायला निघत होती.

शेवटी अण्णांनी येऊन कॅसेटच बाहेर काढली.

“अण्णा, तुम्हाला माहीत होतं?” मी जमिनीवरूनच विचारलं.

“मीच तर उतरवून घेतलं व्हतं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

अण्णांनी कॅसेट खिशात टाकली. “क्रांते, तो घूं चांगला व्हता,” ते म्हणाले. “प्रत्येक संसाराला थोडा लागतो.”

ओवाळणी झाली. मामांनी भर अंगणात, हात जोडून ‘व्हय, माझी बहीण रेडिओवर गायली’ असं मोठ्यानं सांगितलं. आईला जे हवं होतं ते मिळालं, तरी ती मला पुढचे काही दिवस वाढताना भाकरी लांबून टाकत होती. रामरावकाका शेवटपर्यंत बसून राहिले आणि जाताना म्हणाले, “कार्यक्रम चांगला झाला. पण डीपीचं राह्यलंच.”

मामांनी मात्र हे प्रकरण मंठाभर नेलं. ज्या बहिणीचं गाणं त्यांनी अर्धं आयुष्य नाकारलं, तिच्या गाण्याचे आता ते प्रचारक झाले होते. त्यांच्या मुलीच्या हळदीला त्यांनी आईला खास गायला बोलावलं. मांडवात माइक घेऊन सांगितलं, “रेडिओवर गायलेली माझी बहीण आता मुख्य स्वरात गाणार हाय!” आईचा चेहरा त्या वेळी जो झाला, तो मी विसरणार नाही. मागे साथीला आम्ही चारपाच पोरी उभ्या राहिलो. आईनं जाताना माझा दंड धरून बजावलं, “माझी ओळ पुरी झाल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. घाई करायची न्हाई. समजलं?”

“आई, मी तुझ्यासारखी नाही,” मी म्हणाले.

आईनं पहिली ओळ घेतली. काय सांगू! सावकाश, भरदार, एकेका शब्दाला थांबून. मांडव स्तब्ध झाला. माझ्या आईचा दडपलेला स्वर अखेर मुक्त झाला होता, तो इतकी वर्षं कुणी ऐकला नव्हता, आता ऐकतायत, आणि हा क्षण, हा ऐतिहासिक क्षण—

“चला गं!” मंठ्याच्या मांडवातल्या चारही कोपऱ्यांतून एकटा, ठाम, घोषणा दिल्यासारखा आवाज घुमला.

आईची ओळ अजून अर्धी शिल्लक होती. ती वळली नाही, फक्त गाताना तिनं डोळे मिटून घेतले. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाकडून मामांची आनंदानं फुटलेली आरोळी आली, “बघा! सुशीचीच पोरगी!”

मला अजून एक आशा होती, की गर्दीत कुणाला नीट कळलं नसेल. पण मंठ्याच्या त्या मंडपवाल्याच्या स्पीकरमध्ये, माझं दुर्दैव, जरासुद्धा घूं नव्हता.